आधी चिठ्ठी, मग पैसे: लॅपटॉपवर बिटकॉइन वॉलेट कसं लावायचं

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकांनी आपल्या बिटकॉइन वॉलेटच्या बारा शब्दांची चिठ्ठी (वॉलेट बनवताना अॅप हे शब्द देतं, त्यांच्यावरून वॉलेट परत उघडता येतं) मराठीत लिहिली होती. म्हणजे शब्द इंग्रजीच पण अक्षरं देवनागरी, कारण माणूस पोस्टातून रिटायर झालेला, मराठी अक्षर मोत्यासारखं, आणि इंग्रजी घाईत लिहिलं की नंतर मलाच वाचता येत नाही असं त्यांचंच म्हणणं. सातवा शब्द होता ‘राइट’. आणि तिथेच गाडी अडली, कारण ज्या यादीतून हे शब्द येतात त्यात ‘राइट’ दोन आहेत, एक बरोबर या अर्थाचा आणि एक लिहिणे या अर्थाचा, स्पेलिंग वेगळं पण देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. आम्ही दोन्ही टाकून बघितले, लिहिण्यावालं बसलं आणि वॉलेट उघडलं. त्यात तेव्हा एक पैसासुद्धा नव्हता, मी टाकूच दिला नव्हता. (ते वॉलेट नंतर टाकून दिलं आणि नवीन बनवलं, म्हणून हा शब्द इथे सांगतोय, नाहीतर बारातला एकही शब्द कोणाला सांगायचा नसतो.)

त्या दिवसापासून कोणालाही वॉलेट लावून देताना माझा एकच हट्ट असतो, की आधी वॉलेट बनवा, शब्द कागदावर उतरवा, मग ते वॉलेट मुद्दाम डिलीट करा आणि फक्त कागदावरून परत आणून दाखवा. परत आलं तर पैसे टाका, नाही आलं तर टाकू नका. इथे इंदूरमध्ये ओळखीतल्या सात-आठ जणांना मी असं लावून दिलंय आणि प्रत्येक वेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

मी जे अॅप वापरतो त्याचं नाव इलेक्ट्रम. थॉमस फ्योगटलिन नावाच्या माणसाने २०११ साली सुरू केलं, फुकट आहे, कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, जुन्या लॅपटॉपवरसुद्धा हलकं चालतं कारण पूर्ण ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्यांच्या व्यवहारांची खातेवही, डाउनलोड करत नाही, सर्व्हरला विचारून तुमच्यापुरती माहिती आणतं. फक्त बिटकॉइनसाठी आहे हे आधीच समजून घ्या, यूएसडीटी, इथेरियम, सोलाना वगैरे दुसरी क्रिप्टो नाणी यात येत नाहीत. तुमच्याकडे ते असेल तर वेगळं वॉलेट लागेल, पण चिठ्ठीचं जे सांगतोय ते तिथेही तसंच लागू आहे.

आता वॉलेट म्हणजे काय हे दोन मिनिटं नीट ऐका, कारण सगळी भीती आणि सगळ्या चुका इथूनच येतात. लोकांना वाटतं की बिटकॉइन लॅपटॉपमध्ये येऊन बसतात. तसं नसतं. कुठल्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत याची एक मोठी खातेवही आहे, तिची कॉपी जगभरातल्या हजारो काँप्युटरवर आहे, आणि तुमच्या पत्त्यावरचे पैसे हलवायचे असतील तर एक गुप्त चावी लागते. वॉलेट म्हणजे त्या चाव्यांचा जुडगा आणि त्या वापरायचं हत्यार, बस. आणि या सगळ्या चाव्या त्या बारा शब्दांमधून गणिताने निघतात, दर वेळी त्याच निघतात. म्हणून लॅपटॉप जळाला, चोरीला गेला, फॉर्मॅट झाला तरी बारा शब्द असतील तर पैसे आहेत, आणि लॅपटॉप ठणठणीत आहे पण शब्द दुसऱ्या कोणाच्या हाती लागले तर पैसे त्याचे. पासवर्ड ही वेगळी गोष्ट, तो फक्त या लॅपटॉपवरच्या फाइलला लावलेलं कुलूप आहे. पासवर्ड विसरलात तर शब्दांवरून सगळं परत बनवता येतं, शब्द हरवले आणि लॅपटॉपही गेला तर नुसत्या पासवर्डचा काही उपयोग नाही.

मग एक्स्चेंजच्या, म्हणजे जिथे बिटकॉइन विकत घेतो आणि विकतो त्या कंपनीच्या, अॅपमध्येच का नाही ठेवायचे असं सगळे विचारतात. तिथे चाव्या तुमच्याकडे नसतात, तुमच्याकडे असतो तो फक्त स्क्रीनवरचा आकडा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून २३ कोटी डॉलरच्या आसपासची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे पैसे काढणं बंद झालं, त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं, २०१४ मध्ये माउंट गॉक्स, ही बाहेरची मोठी एक्स्चेंज. रोजच्या खरेदी-विक्रीपुरतं एक्स्चेंजवर ठेवा, पण वर्षानुवर्षं हात लावायचा नाही असं जे आहे ते स्वतःच्या चावीत आणा. एक मात्र आधी बघा, आपल्याकडची काही अॅप क्रिप्टो बाहेर काढूच देत नाहीत, विकून रुपयेच घ्या म्हणतात. तिथे विकत घेण्याआधीच विचारा की बिटकॉइन विथड्रॉ करता येतो का.

कोणता लॅपटॉप वापरायचा? ऑफिसचा नाही, सायबर कॅफेचा नाही, आणि ज्याच्यावर क्रॅक केलेलं फोटोशॉप किंवा चोरीचं विंडोज आहे तोही नाही. हे मी फार कळकळीने सांगतो कारण आपल्याकडे सिल्व्हर मॉलमधून लॅपटॉप घेतला की लोक सांगतात ‘भैया सब सॉफ्टवेअर डाल देना’, आणि अशा क्रॅकबरोबर काय काय आत येतं ते कोणालाच माहीत नसतं. जुना लॅपटॉप असेल तर फॉर्मॅट करा, ओरिजिनल विंडोज टाका किंवा लिनक्स मिंट टाका, तोही फुकट आहे. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं दुसऱ्याला लांबून तुमचा लॅपटॉप चालवू देणारं अॅप असेल तर काढून टाका.

डाउनलोड फक्त इलेक्ट्रम डॉट ओआरजी या साइटवरून करायचं, आणि तो पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करायचा, गुगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, कारण हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट असतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे. विंडोजसाठी तिथे इन्स्टॉलर मिळतो आणि त्याच्या शेजारी सहीची एक छोटी फाइल असते, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये उतरवा. मग जीपीजीफोरविन नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्याच्याबरोबर क्लिओपात्रा येतं, त्यात थॉमसची पब्लिक की (त्याची सही ओळखायची उघडी चावी) इम्पोर्ट करा आणि सहीच्या फाइलवर डबल क्लिक करा. ही सही बरोबर आली म्हणजे फाइल खरी आहे, वाटेत कोणी बदललेली नाही. पहिल्यांदा क्लिओपात्रा म्हणेल की ही की तुम्ही अजून सर्टिफाय केलेली नाही, त्याला घाबरू नका, कीची लांब फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांवरून जुळवून बघा. पण सही चुकीची आहे असं आलं तर ती फाइल लगेच उडवा. हे सगळं करायला अर्धा तास जातो आणि बहुतेक लोक करत नाहीत, तुम्ही करा.

का करायचं तेही सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये काही चोरांनी इलेक्ट्रमसाठी आपलेच सर्व्हर उभे केले. तुम्ही पैसे पाठवायला गेलात आणि चुकून त्यांच्या सर्व्हरला जोडले गेलात की पाठवणं फेल व्हायचं आणि अॅपच्या आतच मेसेज यायचा, अपडेट करा, ही घ्या लिंक. लिंकवरचं अॅप नकली. लोकांनी अपडेट केलं, पासवर्ड टाकला आणि वॉलेट साफ, सुरुवातीच्या काही दिवसांतच २०० पेक्षा जास्त बिटकॉइन गेले. ते भोक नंतर बुजवलं गेलं, पण धडा तोच, की अपडेटसुद्धा मेसेजमधल्या लिंकवरून करायचं नाही, दर वेळी साइटचा पत्ता हाताने टाइप करून जायचं आणि सही परत तपासायची.

इन्स्टॉल झाल्यावर स्टार्ट मेनूत इलेक्ट्रमबरोबर ‘इलेक्ट्रम टेस्टनेट’ असंही दिसेल. ते खोट्या बिटकॉइनचं मैदान आहे, तिथले कॉइन फुकट मिळतात आणि त्यांना किंमत नाही. ज्यांना हात साफ करायचाय त्यांनी पहिले दोन दिवस तिथेच घालवावेत, काकांनी तर आठवडाभर तिथेच इकडून तिकडे पाठवापाठवी केली आणि मग म्हणाले, ‘चल रे, आता खऱ्यावर येऊ.’

खरं उघडलं की आधी सर्व्हरचं विचारेल, तिथे आपोआप निवडू दे. मग वॉलेटच्या फाइलला नाव द्या, ‘बिटकॉइन’ किंवा ‘तिजोरी’ असलं नाव नको, साधं काहीतरी. मग प्रकार विचारेल, ‘स्टँडर्ड वॉलेट’ घ्या. टू-फॅक्टरवाला पर्याय बघून आपल्याला ओटीपीची सवय असल्यामुळे तो बरा वाटतो, पण त्यात तिसरी एक कंपनी मध्ये येते आणि तिची वेगळी फी असते, सुरुवातीला नकोच. पुढे ‘क्रिएट अ न्यू सीड’. आणि मग स्क्रीनवर ते बारा शब्द येतात.

इथे थांबा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. फोटो काढायचा नाही, स्क्रीनशॉट नाही, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवायचं नाही, गुगल ड्राइव्ह नाही, मेलचा ड्राफ्ट नाही. फोटो काढला की तो क्लाउडवर जातो, क्लाउड कोणी उघडला की संपलं. कागद आणि पेन. खजुरी बाजारातून एक चांगल्या जाड कागदाची छोटी वही आणा, आणि शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत सुटे सुटे लिहा, प्रत्येकाला नंबर द्या, क्रम बदलला तर वॉलेट उघडत नाही. देवनागरीत लिहू नका, कारण वर सांगितलंच. घसटून लिहू नका, कारण या यादीत ‘केबल’ही आहे आणि ‘टेबल’ही आहे, आणि पहिलं अक्षर गिचमिड झालं की दोन वर्षांनी तुम्ही स्वतःच शपथेवर सांगू शकणार नाही. एकूण शब्द २,०४८ आहेत आणि यादी अशी केली आहे की पहिली चार अक्षरं कोणत्याही दोन शब्दांची सारखी नसतात, म्हणून पहिली चार तरी अगदी स्वच्छ पाहिजेत. लिहून झालं की मोठ्याने वाचायचं नाही, मनात वाचून एकेक शब्द स्क्रीनशी जुळवायचा, मग परत खालून वर जुळवायचा. आणि त्याच कागदावर वर लिहा: इलेक्ट्रम, १२ शब्द, महिना आणि वर्ष. हे यासाठी की इलेक्ट्रमची शब्दांची पद्धत इतर बऱ्याच वॉलेटपेक्षा वेगळी आहे, यादी तीच दिसली तरी दुसऱ्या वॉलेटमध्ये हे बारा शब्द टाकले तर ते बहुतेक वेळा नाही म्हणतं आणि माणूस घाबरून जातो की शब्दच चुकले.

पुढच्या पानावर अॅप तेच शब्द परत टाइप करायला लावेल, मग पासवर्ड विचारेल. शब्दांना आणखी स्वतःचे शब्द जोडायचा पर्याय पण आहे, तो सध्या सोडून द्या, ते तेरावं कुलूप विसरणारे मी बघितलेत.

आता तो हट्टाचा भाग. व्ह्यू मेनूतून ‘अॅड्रेसेस’ टॅब चालू करा, सगळ्यात वरचा पत्ता बघा आणि त्याची शेवटची आठ अक्षरं दुसऱ्या कागदावर लिहून ठेवा. मग फाइल मेनूत जाऊन ‘डिलीट’ करा. पोटात कालवाकालव होते, काकांचा तर हात थांबला होता माउसवर, पण वॉलेट रिकामं आहे, काही जात नाही. डिलीट झालं की अॅप बंद करा, लॅपटॉप बंद करा, एक चहा घ्या. परत या, ‘आय ऑलरेडी हॅव अ सीड’ निवडा आणि फक्त चिठ्ठी बघून बारा शब्द टाका. एखादा शब्द चुकला असेल तर ‘नेक्स्ट’चं बटण चालूच होत नाही, कारण शब्दांच्या आतच एक तपासणी लपवलेली असते, आणि ही फार मोठी सोय आहे, कारण तुम्हाला आत्ताच कळतं, पाच वर्षांनी नाही. बटण चालू झालं, वॉलेट उघडलं, की वरच्या पत्त्याची आठ अक्षरं जुळवा. जुळली? मग तुमची चिठ्ठी खरी आहे हे तुम्ही डोळ्यांनी बघितलं. माझ्या मते अख्ख्या कामातली ही अर्धा तासाची गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

चिठ्ठी ठेवायची कुठे? आपल्या इंदूरमध्ये तर हा प्रश्न जास्तच गंभीर आहे, कारण सकाळी कचरागाडी दारात येते आणि घरात फालतू कागद म्हणून राहत नाही, वर दिवाळीच्या सफाईत कपाटाचा खण रिकामा होतो आणि रद्दीवाला सगळं घेऊन जातो. जेम्स हॉवेल्स नावाच्या माणसाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, वेल्समधल्या न्यूपोर्टचा, २०१३ मध्ये त्याची हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात गेली, तिच्यात हजारो बिटकॉइनची चावी होती, आणि नंतर कितीतरी वर्षं तो नगरपालिकेकडे कचऱ्याचा डोंगर खणायची परवानगी मागत राहिला. डिस्कच्या जागी बारा शब्दांची चिठ्ठी असती, आणि ती दुसऱ्या ठिकाणी असती, तर डिस्क गेली काय आणि राहिली काय.

म्हणून दोन कॉपी करा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक कागदाची, घरी, प्लॅस्टिकच्या पाकिटात, कारण मालव्यातला पाऊस आणि ओल लागली की जेल पेनची शाई पसरते, बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. दुसरी स्टीलवर. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं ना, आजीच्या डब्यावरचं नाव साठ वर्षांनी पण वाचता येतं, तीच कल्पना. बर्तन बाजारातून एक जाड स्टीलची पट्टी किंवा छोटी थाळी आणा, पण नाव घालणाऱ्याकडून शब्द घालून घेऊ नका, तो चांगला माणूस असला तरी बारा शब्द त्याच्या डोळ्यांखालून जातात. अक्षरांच्या पंचांचा सेट हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, घरी हातोडीने एकेक अक्षर ठोका, प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. ही पट्टी बँकेच्या लॉकरमध्ये किंवा गावातल्या दुसऱ्या विश्वासाच्या घरी.

आता पैसे घ्यायचं. ‘रिसीव्ह’ टॅबमध्ये जा, वाटलं तर कशाचे पैसे आहेत ते लिहा, रिक्वेस्ट बनवा, पत्ता आणि क्यूआर येतो. पत्ता बीसी१ ने सुरू होतो आणि ४२ अक्षरांचा असतो. तो कॉपी करून एक्स्चेंजच्या विथड्रॉच्या पानावर पेस्ट करायचा आणि नेटवर्क विचारलं तर ‘बिटकॉइन’च निवडायचं, बीईपी२० किंवा ईआरसी२० नाही, ती दुसऱ्याच ब्लॉकचेनची नेटवर्क आहेत, तिथे फी कमी दिसते म्हणून लोक फसतात. पेस्ट केल्यावर पत्ता डोळ्यांनी जुळवा, सुरुवातीची सहा-सात आणि शेवटची सहा-सात अक्षरं, कारण असे व्हायरस आहेत की तुम्ही कॉपी करता तुमचा पत्ता आणि पेस्ट होतो चोराचा. आणि पहिल्यांदा एक्स्चेंज देईल तेवढी कमीत कमी रक्कमच पाठवा. ती आली, की मग बाकीची.

काकूंनी विचारलं होतं, ‘लॅपटॉप बंद असताना पैसे आले तर कुठे जातील?’ कुठेच जात नाहीत काकू, खातेवहीत तुमच्या पत्त्यापुढे लिहिले जातात, लॅपटॉप सहा महिन्यांनी उघडला तरी दिसतील. हा प्रश्न फार चांगला होता, कारण त्यावरूनच कळतं की वॉलेट म्हणजे डबा नव्हे. तसंच दर वेळी अॅप नवीन पत्ता देतं त्याला बिचकू नका, जुने पत्तेही तुमचेच आहेत आणि चालू आहेत, नवीन पत्ता दिल्याने तुमचा सगळा हिशोब एकाच ठिकाणी जगाला दिसत नाही इतकंच. आलेला व्यवहार आधी ‘अनकन्फर्म्ड’ दिसतो. सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, बनतो, पण सरासरीच, कधी दोन मिनिटांत तर कधी पाऊण तास. एकदा ब्लॉकमध्ये आला की बहुतेक काळजी मिटली, सहा ब्लॉक झाले की पक्कं.

आकडे बघून घाबरणारे पण असतात. इलेक्ट्रम मिलीबिटकॉइनमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या हजाराव्या भागात, दाखवत असेल तर ०.००५ बिटकॉइनच्या जागी ५ दिसतं, कोणाला वाटतं पाच बिटकॉइन आले. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन युनिट बदला, मी सतोशी ठेवतो, १ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सतोशी, मग दशांश चिन्हाची भानगडच नाही.

पाठवायचं असेल तर ‘सेंड’, समोरच्याचा पत्ता, रक्कम, मग ‘पे’ केलं की फीची खिडकी येते. फी रकमेवर नसते, हे परत परत सांगावं लागतं. पाच हजार पाठवा की पाच लाख, फी व्यवहाराच्या आकारावर असते, आणि त्या वेळी नेटवर्कवर गर्दी किती यावर. साधा व्यवहार साधारण १४१ व्हर्च्युअल बाइटचा असतो, दर बाइटला १० सतोशी धरले तर १,४१० सतोशी. समजा बिटकॉइन ८० लाखांना आहे तर १ सतोशी ८ पैशांचा, म्हणजे फी झाली ११३ रुपयांच्या आसपास. घाई नसेल तर फी कमी ठेवा, अडकलाच तर हिस्टरीत त्यावर राइट क्लिक करून फी वाढवता येते.

पण आकार कशाने वाढतो ते बघा, इथे एसआयपीवाले फसतात. दर आठवड्याला थोडं थोडं एक्स्चेंजवरून वॉलेटमध्ये आणलं तर प्रत्येक वेळचा एक वेगळा तुकडा पडतो, जणू वीस वेगवेगळ्या नोटा. पुढे ते सगळे एकदम खर्च करायला गेलात तर प्रत्येक तुकड्याचे जवळपास ६८ बाइट लागतात, वीस तुकड्यांचा व्यवहार १,४०० च्या वर जातो, म्हणजे फी दहापट. एक्स्चेंजवर तीन-चार महिन्यांचं जमू द्या, मग एकदम काढा.

आणि ते सुट्ट्या पैशांचं प्रकरण, ज्याच्यामुळे मला रात्री साडेदहाला फोन येतात. समजा तुमच्याकडे ५,००,००० सतोशीचा एक तुकडा आहे आणि तुम्ही २,००,००० पाठवले. बाहेर कुठल्या तरी साइटवर पत्ता टाकून बघाल तर दिसेल की तुमच्या पत्त्यावरून पूर्ण पाच लाख निघून गेले! धस्स होतं. पण सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाल्ला, शंभर झाले आणि तुम्ही पाचशेची नोट दिली, तर पूर्ण नोटच देता ना, फाडून शंभराचा तुकडा तर देत नाही, चारशे परत येतात. इथेही तसंच, तुकडा पूर्ण जातो, २,००,००० समोरच्याला, १,४१० फी, आणि २,९८,५९० तुमच्याच वॉलेटच्या एका नवीन पत्त्यावर परत, त्याला चेंज म्हणतात. अॅड्रेसेसमध्ये ‘चेंज’ नावाने वेगळा गट दिसेल, बॅलन्स तिथे आहे.

लाइटनिंग, म्हणजे छोटे व्यवहार झटपट करायची वेगळी सोय, पण इलेक्ट्रममध्ये आहे, पण सध्या हात लावू नका, त्याचे चॅनल नुसत्या चिठ्ठीवरून जसेच्या तसे परत येत नाहीत आणि आपलं सगळं काम चिठ्ठीवर उभं आहे. रक्कम मोठी झाली तर ट्रेझर किंवा लेजरसारखं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चाव्या ठेवायचं छोटं यंत्र, घ्या, ते इलेक्ट्रमलाच जोडता येतं आणि चावी लॅपटॉपमध्ये येतच नाही. फक्त सीलबंद, कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. आत आधीच लिहिलेले शब्द निघाले तर ते वापरू नका, ती चोराची चावी असते.

सुदामा नगरमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांचं सांगतो, नाव नाही सांगत. त्यांचा व्यवहार अडकला होता, साधी फी कमी पडली होती, दोन तास थांबले असते तर झालं असतं. त्यांनी टेलिग्रामच्या एका ग्रुपवर विचारलं, लगेच ‘सपोर्ट’वाल्याचा मेसेज आला, फार अदबीने बोलला, एक पान पाठवलं, म्हणाला वॉलेट व्हॅलिडेट करा. पानावर बारा चौकोन होते. त्यांनी भरले. वीस मिनिटांत वॉलेट रिकामं, मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. बँकेत निदान तक्रार तरी लवकर केली तर पैसे गोठवता येतात, इथे उलटा व्यवहार नसतो, कोणाकडेच तसं बटण नाही. तरी १९३० वर फोन करून तक्रार नोंदवायचीच, चोर ते रुपये करायला एखाद्या एक्स्चेंजवर गेला तर तिथे पकडायची शक्यता राहते. इलेक्ट्रमला कस्टमर केअरचा फोन नंबर नाही, म्हणजे जो कोणी तुम्हाला फोन करेल तो चोर आहे. बारा शब्द फक्त एकाच ठिकाणी टाइप करायचे, वॉलेट बनवताना किंवा परत आणताना, सही तपासलेल्या अॅपमध्ये.

टॅक्सचं थोडक्यात. बंदी आहे का हे पहिलं विचारतात, तर बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८चं सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं, आणि २०२२च्या बजेटपासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स, वर ४ टक्के सेस, आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही, एकातला तोटा दुसऱ्यातून वळता होत नाही. स्वतःच्या एक्स्चेंजवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये आणणं म्हणजे विकणं नव्हे, पण तीन वर्षांनी सीए विचारेल की हे कितीला घेतले होते तेव्हा कागद पाहिजे, म्हणून एक्स्चेंजचं स्टेटमेंट त्याच दिवशी उतरवून ठेवा आणि इलेक्ट्रमच्या हिस्टरीतून सीएसव्ही एक्सपोर्ट करून दर मार्चमध्ये फोल्डरमध्ये टाका. व्यवहाराला तुम्ही जी नावं देता, ‘जानेवारीत घेतलेले’ वगैरे, ती शब्दांवरून परत येत नाहीत, ती फक्त त्या फाइलमध्ये असतात, म्हणूनही एक्सपोर्ट करा.

शेवटची गोष्ट घरातल्यांची. काकांना मी विचारलं, काका, उद्या तुम्ही नसलात तर काकूंना काय कळेल? ते गप्प बसले, मग म्हणाले, ‘काहीच नाही रे.’ तेव्हा आम्ही एक पत्र लिहिलं, मराठीत, एका पानाचं. त्यात शब्द नाहीत. शब्द कुठल्या दोन ठिकाणी आहेत ते आहे, अॅपचं नाव आहे, साइटचा पत्ता आहे, कोणाला विचारायचं ते आहे, म्हणजे माझं नाव आणि भोपाळच्या आतेभावाचं नाव, आणि लाल पेनने लिहिलंय की मदत करायला येणाऱ्याने शब्द स्वतः टाइप करायचे नाहीत, काकूंनीच करायचे, आम्हीसुद्धा मान दुसरीकडे करून बसायचं. ते पत्र एलआयसीच्या कागदांबरोबर आहे.

फेब्रुवारीत एका दुपारी मी घरून जुना लॅपटॉप घेऊन गेलो, फॉर्मॅट केलेला, फक्त इलेक्ट्रम टाकलेलं, आणि काका मुद्दाम बाहेर फिरायला गेले. काकूंनी पत्र काढलं, पत्रावरून चिठ्ठी काढली, चष्मा लावून एका बोटाने बारा शब्द टाकले, मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. चौथ्या शब्दाला एक अक्षर चुकलं, नेक्स्ट चालू होईना, त्यांनी परत पहिल्यापासून बघितलं आणि सापडलं. चाळीस मिनिटं लागली. काका परत आले तेव्हा स्क्रीनवर बॅलन्स होता. मग आम्ही त्या लॅपटॉपवरून वॉलेट परत डिलीट केलं, डिस्क पुसली आणि चिठ्ठी पाकिटात घालून जागेवर ठेवली.